जुने बॉक्सर कच्चे होते की आपणच नियम विसरतो?

डावखुरा
परवा भाच्याने मोबाइलवर जुनी क्लिप दाखवली. जेस विलार्ड विरुद्ध जॅक डेम्प्सी, हेवीवेटच्या जगज्जेतेपदाची लढत, ४ जुलै १९१९, अमेरिकेतलं टोलेडो. म्हणाला, "मामा, हे चॅम्पियन? हात खाली, पाय फताडे, चार्ली चॅप्लिनसारखे पळतायत. आजचा कुठलाही जिल्हा पातळीवरचा पोरगा यांना धुऊन काढेल."

मी तेव्हा गप्प बसलो, पण डोक्यातून जाईना. म्हणून हा धागा.

माझं आधीच सांगतो. कॉलेजात असताना पुण्यातल्या एका क्लबमध्ये तीन वर्षं बॉक्सिंग केलं, दिवे काही लावले नाहीत. मात्र एक धडा तिथे आयुष्यभराचा मिळाला. एकदा सर यायच्या आधी शायनिंग मारायला मी पट्ट्या न बांधता, ग्लोव्ह न घालता बॅगवर सणसणीत राइट मारला (मी डावखुरा, त्यात उजव्या हाताने, म्हणजे दुप्पट गाढवपणा). कट्‌ आवाज आला. करंगळीखालचं हाड. सहा आठवडे प्लास्टर. आणि ती बॅग होती, बऱ्यापैकी मऊ! माणसाचं कपाळ त्याहून किती टणक असतं याचा विचार करा.

तेव्हापासून जॉन एल. सलिव्हनचे (एकोणिसाव्या शतकातला हेवीवेट चॅम्पियन) ते मुठी पुढे काढून मागे रेललेले फोटो बघून हसू येत नाही. उघड्या मुठीने लढणाऱ्याला मूठ जपून वापरावी लागायची. कवटीवर मारलं तर आपलाच हात जायचा. म्हणून अंगावर मार जास्त, डोकं लांब ठेवायला मागे झुकणं, समोरच्याचा हात अडवायला कोपरापासून पुढे काढलेले हात. ती पोज फोटोसाठी नव्हती, तिच्यामागे हाडांचं गणित होतं.

थोडक्यात माझं म्हणणं असं: कोण जिंकेल हे विचारताना कुठल्या नियमांनी ते आधी सांगा. नियम बदलला की खेळ बदलतो, आणि खेळ बदलला की चांगला बॉक्सर कोण हेही बदलतं. बोला.

वजनकाटा
धागा छान, पण मुद्दा पटला नाही. नियम वगैरे ठीक आहे हो, वजनाचं काय करणार?

डेम्प्सी विलार्डशी लढला तेव्हा १८७ पौंड, म्हणजे ८५ किलो. पन्नासच्या दशकातला चॅम्पियन रॉकी मार्सियानो साधारण तेवढाच. बॉब फिट्झसिमन्सने १८९७ मध्ये कार्सन सिटीला कॉर्बेटला पाडून हेवीवेटचा किताब घेतला तेव्हा तो होता १६७ पौंड, ७६ किलो! आज तो सुपर मिडलवेटच्या मर्यादेत बसेल. डेम्प्सी आणि मार्सियानो आजच्या क्रूझरवेटमध्ये जातील (मर्यादा २०० पौंड). समोर सहा फूट नऊ इंचांचा, ११९ किलोचा टायसन फ्युरी उभा केला तर लढत दोन राऊंडच्या पुढे जाणार नाही. त्यात अपमान कसला? माणसं मोठी झाली, खाणं सुधारलं, व्यायामाचं शास्त्र आलं.

शंभर मीटरला जेसी ओवेन्सचे १०.३ सेकंद आणि बोल्टचे ९.५८, हे कोणी नाकारतं का?

भाऊचा धक्का
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

डावखुरा
@वजनकाटा, ओवेन्सचं उदाहरण तुमच्याच अंगावर येईल. तो कोळशाच्या भुकटीच्या ट्रॅकवर धावला, स्टार्टिंग ब्लॉक नव्हते म्हणून खुरप्यासारख्या अवजाराने पायासाठी खड्डे खणून. बोल्टला त्या मातीत उतरवा, मग घड्याळ लावू.

वजनाचं मात्र मान्य. हेवीवेटला तुमचं म्हणणं बरंचसं खरं आहे. पण तुम्हीच फ्युरीचं नाव काढलंत म्हणून सांगतो. १८ मे २०२४ ला रियाधमध्ये त्याच फ्युरीला युक्रेनच्या उसिकने हरवलं, आणि उसिक त्याच्यापेक्षा सुमारे १७ किलोने हलका होता. तोही क्रूझरवेटमधूनच वर आलेला. शिवाय डेम्प्सी ज्या विलार्डला भिडला तो सहा फूट साडेसहा इंच आणि २४५ पौंड. पहिल्या राऊंडमध्ये सात वेळा जमिनीवर.

वजनकाटा
उसिक सहा फूट तीन इंच आहे आणि त्या रात्री १०१ किलोचा होता. डेम्प्सीपेक्षा पूर्ण सोळा किलो जास्त. आणि विलार्ड म्हणजे फ्युरी नव्हे. विलार्ड सदतीस वर्षांचा होता, तीन वर्षं किताबासाठी लढला नव्हता. उंची सोडली तर दोघांत काही सारखं नाही.

आखाडा
कोल्हापूरकडनं रामराम. आमच्याकडं हाच वाद माती विरुद्ध मॅट म्हणून पन्नास वर्षं चालू आहे, म्हणून वाचायला मजा आली.

खाशाबा जाधव १९४८ ला लंडनला गेले तेव्हा सगळी तयारी लाल मातीत, आणि तिथं पुढ्यात मॅट आणि परके नियम. सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत कांस्य. तोच माणूस, तीच ताकद. फरक एवढाच की मधल्या काळात मॅटवरचा खेळ कळला. कुणी म्हणेल का की १९४८ चे खाशाबा कच्चे होते?

दुसरं म्हणजे गामा. १० सप्टेंबर १९१० ला लंडनमध्ये पोलंडचा पैलवान झ्बिश्को अडीच तासांवर मॅटला चिकटून पालथा पडून राहिला, गामाला काही करता येईना. १९२८ ला पतियाळात मातीत मिनिटभरही टिकला नाही. आता बोला.

एक शंका. उघड्या मुठीच्या बॉक्सिंगमध्ये धरून आपटायला चालायचं असं ऐकलंय. खरं का?

डावखुरा
@आखाडा, एकदम खरं. लंडन प्राइझ रिंगचे नियम, १८३८ चे. कमरेच्या वर पकड धरून आपटायला मुभा होती. तुमच्या ढाकेसारखी फेक तर ठरलेलीच. आपटून वर अंगावर पडायचं, हाही त्यातलाच डाव. कोणीही खाली गेला की राऊंड संपला. मग तीस सेकंद विश्रांती, आणि रिंगच्या मधोमध आखलेल्या रेघेवर येऊन उभं राहायचं. आला नाहीस तर हरलास.

क्वीन्सबरीचे नियम १८६७ चे: तीन मिनिटांचा राऊंड, मिनिटभर विश्रांती, पडलेल्याला उठायला दहा आकडे, हातात ग्लोव्ह, कुस्ती बंद. पण दोन्ही पद्धती बरीच वर्षं शेजारी शेजारी नांदल्या. सलिव्हन दोन्हीत लढला.

आखाडा
म्हणजे तो निम्मा पैलवानच की! मग त्याला आजच्या बॉक्सरपुढं उभं करून कच्चा म्हणणं म्हणजे कबड्डीपटूला खो-खोत नापास करणं झालं.

जुईली
मी बॉक्सिंग फारसं बघत नाही, नवरा बघतो म्हणून कानावर पडतं. पण ७५ राऊंडची लढत झाली होती ना? आजचे बारा राऊंडमध्ये धापा टाकतात. मग दमाच्या बाबतीत तरी जुनेच सरस म्हणायचे का?

वजनकाटा
@जुईली, हा आकडा फसवा आहे. सलिव्हन विरुद्ध किलरेन, ८ जुलै १८८९, रिचबर्ग, मिसिसिपी. ७५ राऊंड, एकूण वेळ दोन तास सोळा मिनिटं, म्हणजे १३६ मिनिटं. त्यातली ७४ वेळची अर्ध्या अर्ध्या मिनिटाची विश्रांती वजा करा, ३७ मिनिटं. उरली ९९. म्हणजे सरासरी राऊंड ऐंशी सेकंदांचा. त्यातही किलरेन फटका न खाताच बसकण मारून राऊंड संपवायचा. ७५ म्हटलं की डोळ्यांसमोर तीन-तीन मिनिटं येतात, तसं ते नव्हतं.

डावखुरा
हिशोब बरोबर आहे. तरी ९९ मिनिटं म्हणजे जुन्या पंधरा राऊंडच्या लढतीच्या दुप्पट झाली हो, आणि तीही जुलैतल्या मिसिसिपीच्या उन्हात! सलिव्हनला ४४ व्या राऊंडला उलट्या झाल्या, तरी जिंकला.

आणि हा फसवा आकडा नको असेल तर दुसरा घ्या. ३ सप्टेंबर १९०६, गोल्डफील्ड, नेवाडा. जो गान्स विरुद्ध बॅटलिंग नेल्सन, लाइटवेट. क्वीन्सबरी नियम, खरेखुरे तीन मिनिटांचे राऊंड. ४२ व्या राऊंडला नेल्सनने कमरेखाली मारलं म्हणून बाद झाला. तोवर दोन तासांहून जास्त निव्वळ लढाई. त्यात लढतीच्या दिवशीच वजन द्यायचं, तेही १३३ पौंडांच्या आत, अंगावर लढायचे कपडे घालून. आज आदल्या दिवशी वजन देतात, मग रात्रभर पाणी पिऊन आणि खाऊन चार-पाच किलो चढवून रिंगमध्ये येतात. म्हणजे "लाइटवेट" हा शब्दही तेव्हाचा आणि आत्ताचा एक नाही.

हे सगळं करताना गान्सला क्षयाची सुरुवात झाली होती की नाही यावर लोक भांडतात. १९१० मध्ये तो क्षयानेच गेला एवढं नक्की.

वजनकाटा
गान्सला सलाम. हलक्या वजनगटात जुने लोक आजही चालतील, हे मी कधीच नाकारलं नाही. माझं भांडण हेवीवेटपुरतं.

पण एक विचारतो. ४२ राऊंड लढायचे असतील तर माणूस दर राऊंडला किती ठोसे मारेल? राखून राखूनच ना? तो संथपणाच मग आपल्याला आज कौशल्याचा अभाव वाटतो. म्हणजे तुमचा मुद्दा मीच मांडतोय बहुतेक. असो.

डावखुरा
असू द्या, धाग्यावर कोणी बघत नाहीये.

फक्त वाचक
चार वर्षांत पहिला प्रतिसाद देतोय. सगळे चॅम्पियन विरुद्ध चॅम्पियन बोलताय, पण त्या काळी चॅम्पियन म्हणजे सगळ्यात चांगला बॉक्सर असं होतं कुठे?

सलिव्हन कृष्णवर्णीयांशी लढायचा नाही. पीटर जॅक्सन वाट बघत राहिला. जॅक जॉन्सनला जगज्जेता व्हायला सिडनीपर्यंत टॉमी बर्न्सचा पाठलाग करावा लागला (२६ डिसेंबर १९०८, चौदाव्या राऊंडला पोलिसांनी थांबवलं). मग गोऱ्यांची लाज राखायला निवृत्त झालेल्या माजी चॅम्पियन जेफ्रीजला शेतावरून उठवलं. सहा वर्षं लढलेला नाही, जवळजवळ शंभर पौंड उतरवलेले. ४ जुलै १९१० ला रेनोत पंधराव्या राऊंडला संपला. त्या निकालावरून अमेरिकेत दंगली झाल्या, माणसं मेली. आणि १९१२ मध्ये बॉक्सिंगच्या फिल्म एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायलाच बंदी घातली, ती १९४० पर्यंत टिकली.

आणि याच जॉन्सनने किताब मिळाल्यावर सॅम लँगफर्डला संधी दिली नाही. डेम्प्सीच्या काळात तीच गत हॅरी विल्सची. मग लँगफर्ड आणि विल्स काय करायचे? एकमेकांशीच लढायचे. पंधराहून जास्त वेळा! दुसरं कोणी मिळतच नव्हतं.

लँगफर्डची उंची साडेपाच फुटांच्या आसपास. लाइटवेटपासून हेवीवेटपर्यंत सगळ्यांशी लढला, हेवीवेटच्या किताबाची लढत कधीच मिळाली नाही. १९२२ मध्ये जवळपास आंधळा झालेला असताना त्याने अटलांटात टायगर फ्लॉवर्सला दुसऱ्या राऊंडला नॉकआउट केलं. हाच फ्लॉवर्स चार वर्षांनी मिडलवेटचा जगज्जेता झाला. मला विचाराल तर आजच्या लोकांशी तुलना करायला जुन्यांतून मी लँगफर्डला पाठवीन, चॅम्पियनांच्या यादीतल्या कोणाला नाही.

भाऊचा धक्का
@फक्त वाचक, चार वर्षं का गप्प होता राव!

एक अवांतर: मराठीत निर्णय देतो तो पंच, आणि बॉक्सर मारतो तोही पंच. लहानपणी रेडिओवर "पंचांनी लढत थांबवली" ऐकून मला वाटायचं, मारून मारून थांबवली.

न्यूजर्सीकर
धाग्याला घरचा आहेर. मी जर्सी सिटीत राहतो. २ जुलै १९२१ ला डेम्प्सी आणि फ्रान्सचा कार्पेंटिये इथेच लढले. मुद्दाम त्या एका लढतीसाठी लाकडाचं अवाढव्य स्टेडियम उभारलं होतं, तिकिटांची रक्कम पहिल्यांदाच दहा लाख डॉलर्सच्या वर गेली. आज तिथे त्याचा मागमूस नाही. आजूबाजूला आपली देशी मंडळी एवढी राहतात, पण कोणाला पत्ता नाही. मलाही नव्हता, या धाग्यामुळे शोधलं.

प्रश्न असा की कार्पेंटिये मुळात लाइट हेवीवेट होता. म्हणजे डेम्प्सीने जरा सोपे प्रतिस्पर्धी निवडले असं नाही का?

फक्त वाचक
निवडले की त्याच्यासाठी निवडले, यावर वाद आहे. विल्सशी लढत झाली नाही, हे त्याच्या नावावरचं ओझं आहे, दुसरं काय म्हणणार.

वजनकाटा
हॅरी ग्रेबचं नाव कोणी काढलं नाही अजून? १९१९ या एका वर्षात ४५ लढती. आजचे चॅम्पियन वर्षाला दोन लढले तरी खूप. कारकीर्दीत जवळजवळ तीनशे, त्यातल्या बऱ्याच एका डोळ्याने आंधळा असताना, कोणाला कळू न देता. पुढे डेम्प्सीला हरवणारा जीन टनी पूर्ण कारकीर्दीत एकदाच हरला, तो याच्याकडून, १९२२ मध्ये.

आणि गंमत म्हणजे त्याच्या एकाही लढतीची फिल्म उरलेली नाही. सरावाची थोडी दृश्यं आहेत, बस. तो कसा लढायचा हे बघितलेला माणूसच जिवंत नाही. मग तुलना कशाची करणार?

डावखुरा
म्हणजे तुम्हीही जुन्यांच्या बाजूला आलात :)

फिल्मचा विषय निघालाच आहे तर भाच्याच्या त्या चार्ली चॅप्लिनवर येतो. तेव्हाचे कॅमेरे हाताने फिरवायचे, सेकंदाला सोळाच्या आसपास चित्रं. तीच फिल्म नंतर चोवीसच्या वेगाने चालवली की माणसं दीडपट वेगाने तुरुतुरु पळतात, त्यांच्या पायात जोर दिसत नाही, वजन दिसत नाही. नेटवरच्या निम्म्या क्लिप अशाच आहेत. वेग ०.७५ वर आणून बघा, बराच फरक पडतो.

आणखी एक. टोलेडोत पडलेला माणूस उठेपर्यंत दुसऱ्याने कोपऱ्यात जायचं, हे बंधन नव्हतं. डेम्प्सी विलार्डच्या डोक्यावर उभा राहायचा आणि गुडघा जमिनीवरून सुटला की हाणायचा. सात वेळा पाडला यात याचा वाटा मोठा. पुढे कोपऱ्याचा नियम आला आणि २२ सप्टेंबर १९२७ ला शिकागोत त्यानेच डेम्प्सीचा घात केला. सातव्या राऊंडला टनी पडला, डेम्प्सी सवयीने तिथेच घुटमळला, पंचाने मोजणी उशिरा सुरू केली. टनीला चौदाएक सेकंद मिळाले, उठला, जिंकला. एकच बॉक्सर, एकाच कारकीर्दीत, एका नियमाने वर आला आणि दुसऱ्याने खाली. मला तरी याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

जुईली
मग कॉम्प्युटरला का नाही विचारत कोण जिंकेल ते? आता तर एआय आहे.

फक्त वाचक
ते करून झालंय, साठ वर्षांपूर्वीच. मरी वोरोनर नावाच्या रेडिओवाल्याने १९६७ मध्ये सोळा हेवीवेटांची माहिती संगणकात भरून रेडिओवर स्पर्धा घेतली. मुहम्मद अलीला जेफ्रीजकडून हरवलं! अलीने दहा लाख डॉलर्सचा दावा ठोकला. तेव्हा त्याचा परवाना काढून घेतलेला, लढता येत नव्हतं, पैशांची चणचण. शेवटी १९६९ मध्ये तो आणि निवृत्त होऊन तेरा वर्षं झालेला मार्सियानो, दोघे मायामीच्या एका स्टुडिओत उतरले. मिनिटा-मिनिटाचे सत्तरच्या आसपास राऊंड खेळले, वेगवेगळे शेवट चित्रित केले. मार्सियानोने त्यासाठी चाळीसेक पौंड उतरवले आणि डोक्यावर केसांचा टोप लावला.

कोणता शेवट खरा ठरणार हे दोघांनाही सांगितलं नव्हतं. २० जानेवारी १९७० ला थिएटरांत दाखवलं. अमेरिकेत तेराव्या राऊंडला मार्सियानोचा नॉकआउट. युरोपात दाखवलेल्या प्रतीत अली जिंकला. प्रेक्षक बघून निकाल!

मार्सियानोला यातलं काहीच कळलं नाही. चित्रीकरण संपून काही आठवडे झाले आणि ३१ ऑगस्टला त्याचं विमान पडलं. दुसऱ्या दिवशी तो सेहेचाळीस वर्षांचा झाला असता.

आखाडा
अरारा.

वजनकाटा
वोरोनरच्या यंत्राला नावं ठेवण्याआधी माणसांचं बघा. 'द रिंग' मासिक काढणाऱ्या नॅट फ्लायशरची हेवीवेटची यादी: जॉन्सन एक, जेफ्रीज दोन, फिट्झसिमन्स तीन, डेम्प्सी चार. जो लुई, ज्याने सलग पंचवीस वेळा किताब राखला, तो सहावा! मार्सियानो दहावा. माणूस तरुणपणी जे बघतो तेच त्याला मोठं वाटतं. आपणही त्यातलेच. मला अजून होलीफिल्डच्या वर कोणी दिसत नाही, कारण शाळेत असताना केबलवर तोच बघितला.

डावखुरा
मला माइक टायसन. आणि तो स्वतः त्याचे प्रशिक्षक कस डॅमॅटो यांच्या घरी राहून जुन्यांच्या फिल्म रात्र रात्र बघायचा. त्याला ही माणसं कच्ची वाटली नाहीत. मोजे न घालता काळे बूट घालून यायचा, तो थाट डेम्प्सीच्याच काळातला.

न्यूजर्सीकर
वेग ०.७५ करून टोलेडो परत बघितली. बायको म्हणाली, झोपायचं नाही का.

फरक आहे राव. आधी जे पळणं वाटत होतं ते पळणं नाहीये. डेम्प्सी आधी जवळजवळ मिनिटभर काहीच करत नाही, गोल फिरतो, डोकं हलवत राहतो, विलार्डला जॅब मारू देतो. मग एकदम आत. पहिल्यांदा पडल्यावर विलार्डच्या चेहऱ्यावर जे येतं ते नीट दिसतं आता, काहीतरी चुकीचं घडल्यासारखा बघतो. नंतर दोरीला धरून उठायला जातो तर डेम्प्सी मागून येतोय, आणि ते पूर्ण नियमात आहे. राऊंड संपल्यावर जिंकलो समजून डेम्प्सी रिंगबाहेर निघून जातो, त्याला हाका मारून परत आणावं लागतं.

भाच्याला हे ०.७५ वाली दाखवा हो.

डावखुरा
दाखवली. "बरं आहे" म्हणाला. त्याच्या भाषेत ते खूप झालं.